केरोबाची करवंटी

एका जंगलात एकच हत्ती होता.

मुलांनो, लगेच हात वर करू नका. हत्ती कळपानं राहतात हे मलाही ठाऊक आहे. पण गोष्ट मी सांगतोय, आणि मला एकाच हत्तीची गोष्ट नीट सांगता येते. दुसरा आला की माझा गोंधळ होतो.

तर हत्तीचं नाव बळवंत. जंगलातली सगळी जड कामं तोच करायचा. कुणाच्या वाटेत झाड पडलं, बोलवा बळवंतला. कुणाचं डबकं गाळानं भरलं, बोलवा बळवंतला. सकाळी तो कामाला लागायचा आणि दिवस मावळला की थांबायचा. नाही म्हणणं त्याला येत नव्हतं. मोठ्या अंगाच्या माणसांत हा दोष असतो, म्हणून मी बारीक राहिलोय.

तेव्हाची पद्धत साधी होती. जो आधी येईल त्याचं काम आधी, आणि ते संपेपर्यंत दुसऱ्याचं नाही. एकदा रानडुक्कर दाजीसाहेब सगळ्यांच्या आधी आले. त्यांना लोळण्यासाठी टेकडीवर खड्डा हवा होता, चांगला ऐसपैस. त्यांच्या मागं ससा उभा होता. सशाच्या दारात बाभळीची एक फांदी पडली होती, ती तेवढी उचलायची होती. मला हे वाक्य लिहायला जेवढा वेळ लागला त्याहून कमी वेळाचं काम. पण मी हे वाक्य तीनदा खोडलं, तेव्हा ते माप धरू नका.

दाजीसाहेबांचा खड्डा अकरा दिवस चालला आणि तरी अर्धाच झाला. ससा अकरा दिवस रांगेत. बाराव्या दिवशी तो सरळ वाघाच्या वाटेत जाऊन बसला आणि म्हणाला, "महाराज, मला खा, नाहीतर न्याय द्या."

वाघ नुकताच जेवला होता. त्यानं न्याय द्यायचं ठरवलं.

सभा भरली. हत्तीचा वेळ सगळ्यांना वाटून द्यायचा, यावर एकमत झालं. वाटायचा कुणी, यावर दुपार गेली. कोल्हा वकील होता, तो तयारच होता. पण त्याला सगळे ओळखून होते. शेवटी केरोबा साळिंदराचं नाव पुढं आलं. कारण एकच. त्याच्या अंगावर काटे होते. त्याच्या खांद्यावर हात टाकून, कानाशी लागून, 'आमचं तेवढं बघा' असं म्हणणं कुणालाच जमणार नव्हतं. निःपक्षपातीपणाची एवढी टोकदार पात्रता दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

केरोबाला फार बरं वाटलं. आजवर लोक त्याच्यापासून लांब बसायचे, त्याचं त्याला वाईट वाटायचं. आता तेच लांब बसणं आदर म्हणून मोजलं जाणार होतं. साळिंदर खरं तर रात्रीचा प्राणी. पण पद मिळाल्यावर तो दिवसा जागायला लागला.

त्यानं एक युक्ती काढली. नारळाची करवंटी घेतली. आपलाच एक काटा उपटून तिच्या बुडाला बारीक भोक पाडलं. उंबराखालच्या डबक्यात ती सोडली. भोकातून पाणी आत यायचं, करवंटी हळूहळू भरायची आणि बुडायची. करवंटी तरंगते तोवर हत्ती एकाचा. बुडाली की केरोबा पाठीवरचे काटे खुळखुळवून ओरडायचा, "बुडाली." मग हत्ती दुसऱ्याचा. यादी संपली की पुन्हा पहिल्यापासून.

आणि काय सांगू, छान चाललं. सशाची फांदी पहिल्याच दिवशी निघाली. दाजीसाहेबांचा खड्डाही रोज थोडा खोल व्हायचा. दिवसातून तीनदा बळवंत आपल्या दारात दिसायचा, त्यामुळे प्रत्येकाला वाटायला लागलं की हत्ती आपलाच आहे.

तुमच्या घरी संगणक असतो ना, त्यातही असंच असतं म्हणे. आत एक हत्ती आणि एक केरोबा. म्हणून गाणं वाजत असताना पत्रही लिहिता येतं. हत्ती इकडून तिकडं इतका भराभर जातो की आपल्याला कळतच नाही. हे मला माझ्या पुतणीनं समजावलं. मी आजवर धरून चाललो होतो की आत दोघं असतात आणि त्यातला एक माझ्यावर नाराज आहे.

असो. चौथ्या दिवशी घात झाला.

बळवंत टेकडीवर दाजीसाहेबांचा खड्डा खणत होता. मातीतून एक भला मोठा दगड वर आला. बळवंतनं तो सोंडेनं आणि सुळ्यांनी अर्धा उचलून धरला. तेवढ्यात खालून खणखणीत आवाज आला, "बुडाली." बळवंत नियमाचा पक्का. त्यानं दगड सोडला आणि दुसऱ्या कामाला गेला. दगड गडगडत खाली आला आणि उंबराजवळच्या एका बिळाच्या तोंडावर बसला.

ते बीळ केरोबाचं होतं.

आत त्याची बायको ठकूबाई होती, आणि दहा दिवसांची दोन पिल्लं. बीळ आजोबांच्या वेळचं. तीन बाजूंनी काळा कातळ, चौथीकडे दार. 'आमच्या बिळाला कुणी कुठून भोक पाडू शकत नाही,' असं केरोबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. ते खरंच होतं. आता आतूनही कुणी पाडू शकत नव्हतं.

दगडाच्या कडेला एक फट राहिली होती. केरोबा धावत तिथं गेला.

"अवं, कोन हाय भाईर?" ठकूबाईनं विचारलं.

"मी हाय."

"दगुड कुनी ठिवला दारात?"

केरोबानं दगडावरची माती झटकली. "नियमानं आला," तो म्हणाला.

"मग नियमाला म्हनावं, उचल आता."

केरोबानं फटीतून एक कंद आत सरकवला. अख्खा कंद आरामात गेला. त्याला धीर आला. एका करवंटीचं काम आहे, त्यानं मनाशी हिशेब केला. बळवंत येईल, कपाळ लावेल, दगड बाजूला.

पण यादीत स्वतःचं नाव घालायची वेळ आली आणि त्याचा पंजा अडखळला. कारभाऱ्यानं आधी आपलंच काम काढलं तर लोक काय म्हणतील? त्यानं आपलं नाव सगळ्यांत शेवटी घातलं. हे करताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वतःच्या मोठेपणानं माणसाला रडू येतं तसलं ते पाणी होतं. मलाही कधीकधी येतं, सहसा आरशासमोर.

"लोक काय म्हनतील," त्यानं फटीतून बायकोला सांगितलं.

"लोक फटीतनं कंद देत्यात का?" ठकूबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी केरोबाच्या लक्षात आलं की फट बारीक झालीय. खालची माती भुसभुशीत होती, आणि उकरायला जावं तर दगड आणखी खाली बसायचा. दगड रोज बोटभर खचत होता. आता अख्खा कंद जाईना, अर्धा करून द्यावा लागला. केरोबानं यादी पाहिली. त्याचा नंबर एकोणिसावा होता. संध्याकाळपर्यंत यायला हवा होता.

आला नाही. कारण मधल्या मधे नियम वाढले होते. वाघ महाराजांचं काम सगळ्यांच्या आधी, हे कुणी लिहिलं नव्हतं, पण समजलं सगळ्यांना. महाराजांना आजवर हत्तीशी काही काम नव्हतं. आता रोज तीन-चार निघायला लागली. मग सशानं मागणी केली की लहान कामं आधी व्हावीत, लहानांचे हाल होतात. रास्त होतं. पण दुसऱ्या दिवशी दाजीसाहेब आले आणि म्हणाले, "माझा खड्डा राहू दे. मला फक्त एक सोंडभर माती काढायचीय." ती काढल्यावर ते पुन्हा रांगेत आले. त्यांना फक्त एक सोंडभर माती काढायची होती. असे ते दिवसातून तीसदा आले. त्यांचं बघून सगळ्यांनीच आपापल्या कामाचे तुकडे केले.

केरोबाचं काम ना राजाचं होतं, ना लहान. त्याचा नंबर चोविसावा झाला, मग अठ्ठाविसावा, मग एकतिसावा.

त्यात तक्रारी यायला लागल्या. "पाळी फार उशिरा येते," प्रत्येक जण म्हणायचा. केरोबानं विचार केला. पाळी लवकर यायला हवी तर करवंटी लवकर बुडायला हवी. त्यानं आणखी एक काटा उपटला आणि भोक मोठं केलं. लोक खूश झाले. दोन दिवसांनी पुन्हा तक्रारी, पुन्हा काटा, पुन्हा मोठं भोक. शेवटी करवंटी पाण्यात सोडली की डोळ्यांदेखत बुडायला लागली. केरोबा सोडला तर प्रत्येकाची पाळी दिवसातून चाळीस वेळा यायची. एवढा न्याय त्या जंगलात कधीच झाला नव्हता.

फक्त कामं थांबली होती. बळवंत एकाकडे पोचायचा, ओंडक्याला सोंड लावायचा, तोवर "बुडाली." ओंडका खाली ठेवून दुसरीकडे. तिथं खड्ड्यात पाय घालायचा, तोवर "बुडाली." दिवसभर हत्ती जंगलात नुसता चालत होता. त्याच्या पोटाची कातडी लोंबायला लागली.

"कारभारी," तो एकदा पाणी पिताना म्हणाला, "मला समदं ध्यानात ऱ्हातं. कुनाचं काम कुठवर आलं, पयला पाय कुठं ठिवला हुता, समदं. पर आठवायला जरा उभं ऱ्हावं लागतं."

"यादीत तसा वेळ धरलेला नाही," केरोबा म्हणाला.

"बरं," म्हणून बळवंत पुढच्या कामाला गेला.

इकडे फटीतून आता फक्त बोर जात होतं. केरोबा बोरं वेचून आणायचा आणि एकेक ढकलायचा. आत पिल्लं चिरकायची. ठकूबाई रोज एकच प्रश्न विचारायची, "आज कितवा?" तो आकडा सांगायचा. तिनं तक्रार करायचं सोडलं होतं, आणि त्याचंच त्याला भय वाटायला लागलं होतं.

नवव्या दिवशी त्याचा नंबर लागला. कसा लागला ते मलाही नीट कळलेलं नाही. बहुतेक महाराज झोपले होते आणि दाजीसाहेब मोजायला चुकले.

बळवंत बिळापाशी आला. त्यानं मागचे पाय रोवले. दगडाला कपाळ लावलं. केरोबा डबक्याशी उभा होता, एक डोळा करवंटीवर आणि एक दगडावर. दगड हलला. फट रुंदावली. आत उजेड गेला आणि केरोबाला ठकूबाईचा अर्धा चेहरा दिसला, धुळीनं पांढरा झालेला. तिच्या पोटाशी दोन्ही पिल्लं होती.

करवंटी काठापर्यंत भरली होती.

मुलांनो, खालून नुसतं एक नख लावलं असतं तरी ती तरंगत राहिली असती. केरोबाला ते सुचलं. त्यानं पंजा उचललासुद्धा. पण भोवती सगळं जंगल उभं होतं आणि सगळं जंगल करवंटीकडं बघत होतं. केरोबानं पंजा खाली घेतला. काटे खुळखुळवले.

"बुडाली," तो म्हणाला.

बळवंत मागं सरला. दगड दणकन जागेवर बसला आणि आधीपेक्षा चार बोटं खाली गेला. लोकांनी माना डोलावल्या. असा कारभारी मिळायला भाग्य लागतं, असं कोल्हा म्हणाला.

सगळे पांगल्यावर केरोबा फटीपाशी गेला. फट आता गवताच्या काडीएवढी होती. त्यानं तिला कान लावला.

"तुमचाच आवाज हुता का त्यो?" आतून ठकूबाईनं विचारलं.

"हो."

"चांगला खणखणीत हाय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो पुन्हा तिथं होता. त्यानं हाक मारली. ठकूबाईचा आवाज फार खालून आल्यासारखा आला. "बोलायला वारा पुरत न्हाई. तुमीच बोला." केरोबानं बोलायला तोंड उघडलं. त्याच्याकडे आकड्यांशिवाय काहीच नव्हतं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की त्याचे काटे आपोआप मिटले.

त्यानं पळसाचं एक पान तोडलं आणि फटीतून आत वारा घालायला लागला. तो सकाळभर वारा घालत राहिला. पान फाटलं की दुसरं तोडायचा. मधेच थांबून कान लावायचा. पिल्लांचा आवाज आला की पुन्हा सुरू. डबक्याकडं तो गेला नाही. करवंटी तळाशी पडून होती आणि ती वर काढायला कुणी नव्हतं.

बळवंत त्या वेळी सशाकडं होता. सशाला दारातली एक शिळा हलवून हवी होती. बळवंतनं ती हलवली आणि सवयीनं कान टवकारले. आवाज आला नाही. त्यानं शिळा पार बाजूला नेऊन ठेवली. तरी आवाज नाही. मग त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि शेजारच्या मुंगसाचा ओंडका उचलला. एक झालं की जवळचं दुसरं, असं तो करत गेला. दाजीसाहेबांचा खड्डाही पुरा झाला. उन्हं कलेपर्यंत चौदा कामं संपली होती. त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

मग तो उंबरापाशी आला.

"कारभारी, घसा बसला जनू आज," तो म्हणाला. मग त्यानं दगडाकडे पाहिलं. "आन ह्यो अजून हितंच?"

केरोबानं फक्त फाटकं पान वर धरलं.

बळवंतनं पाय रोवले. कपाळ लावलं. दगड हलला, थांबला, पुन्हा हलला आणि कलंडून उताराला लागला. तेवढ्या वेळात करवंटी फार तर एकदा बुडाली असती, तीही पहिल्या बारीक भोकाची.

ठकूबाई बाहेर आली. पिल्लं तिच्या मागोमाग, उजेडानं डोळे मिटत. केरोबा रडला. या वेळचं पाणी निराळं होतं. पिल्लांना जवळ घ्यायला तो पुढं झाला, आणि नऊ दिवसांत त्यांचे काटे केवढे टणक झालेत ते त्याला टोचून कळलं.

गोष्ट इथंच संपवायचा माझा विचार होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सभा भरली, त्याला माझा इलाज नाही.

"कालचा दिवस बेकायदा गेला," कोल्हा म्हणाला. "कारभारी जागेवर नव्हते. कुणाला किती वेळ मिळाला याची नोंद नाही."

"माझा खड्डा झाला," दाजीसाहेब म्हणाले, "पण सशाच्या नंतर झाला. मी त्यात लोळायचं तरी कोणत्या तोंडानं?"

ससाही नाखूश होता. त्याचं काम पहिलं झालं होतं, पण मग मुंगसाचं दुसरं का, पाचवं का नाही? ज्याचं त्याचं काम झालं होतं आणि ज्याला त्याला दुसऱ्याचं झाल्याचं दुःख होतं.

"मग उपाय काय?" वाघानं विचारलं.

"पूर्ववत," कोल्हा म्हणाला. "काल झालेली सगळी कामं उलटी करायची. ओंडके होते तिथं ठेवायचे, खड्डा बुजवायचा. मग पाळीनं पुन्हा करायची. कारभाऱ्यांच्या दारातला दगडही होता तिथं."

"दगडामागं माझी माणसं होती," केरोबा हळूच म्हणाला.

"मग तीही," कोल्हा म्हणाला. "पूर्ववत म्हणजे पूर्ववत."

वाघानं जांभई दिली. जांभई म्हणजे मंजुरी, अशी तिथं पद्धत होती. मागं, गर्दीच्या कडेला, ठकूबाई दोन्ही पिल्लांना घेऊन उभी होती. ती नवऱ्याकडे बघत होती.

केरोबानं नाही म्हणायला हवं होतं. मला तेच लिहायचं होतं, पण मी केरोबाला ओळखतो. तो म्हणाला, "पाळी लावतो."

त्यानं उलट्या कामांची यादी केली आणि सगळ्यांत खाली घातलं: दगड, ठकूबाई, दोन पिल्लं. शेवटचा नंबर कधी येत नाही हे जंगलात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं यादीत लबाडी केली होती, आणि त्याला एकदम हलकं वाटलं. ही हुशारी बायकोला सांगायला तो धावत गेला.

जागेवर कुणी नव्हतं.

तो दिवसभर शोधत हिंडला. टेकडीपलीकडं, मऊ लाल मातीच्या उतारावर, त्याला ताजी उकरलेली माती दिसली. ठकूबाईनं नवं बीळ खणलं होतं. स्वतःच्या नखांनी, कुणाची पाळी न मागता. आजोबांच्या बिळाइतकं भक्कम नव्हतं, पण त्याला दोन तोंडं होती. आतून बोलण्याचा आवाज येत होता. शेजारची घोरपड बाळांना बघायला आली होती.

"अगं, मी आलोय," केरोबा दारातून म्हणाला.

"बसा भाईर," आतून उत्तर आलं. "घोरपडबाईंशी बोलतेय. झालं की बघते तुमचं."

"किती वेळ लागंल?"

"झालं की झालं," ठकूबाई म्हणाली.

केरोबा बसला. टेकडीपलीकडून लोक त्याच्या नावानं हाका मारत होते, पाळी कुणाची म्हणून विचारत होते. आत बाळांच्या दातांपासून जुन्या बिळातल्या कातळाच्या गारव्यापर्यंत सगळं बोलणं सावकाश चाललं होतं. मधे कुणी काही म्हणत नव्हतं. केरोबाला ओरडावंसं वाटलं, पण काय ओरडायचं ते त्याला आठवेना. मग पुष्कळ वेळानं घोरपड दुसऱ्या तोंडानं घरी गेली, आणि केरोबा दारात तसाच बसून राहिला, कारण आत या असं त्याला अजून कुणी म्हणालं नव्हतं.

तात्पर्य: न्याय म्हणजे सगळ्यांना सारखी पाळी. कुणाचंच काम झालं नाही, की तो मिळाला असं समजावं. चुकून आपलं काम झालंच, तर शेजाऱ्याला कळण्याआधी ते झाकून ठेवावं. आणि काम करणारा एकच असेल, तर त्याला कामं नेमून देणारे चार-पाच तरी असावेत; म्हणजे ते सगळे एकदम रजेवर जाण्याची आशा राहते.